मॉरिटानिया एकट्यानं, रस्त्यानं : ‘सेफ आहे का’ हे तिथं उभं राहून ठरवायचं कसं?

आर्णीकर_पायपीट (आर्णी, जि. यवतमाळ) · मंगळवार, रात्री 9:40

कापसाचे दोन वेचे आटोपले की जानेवारीत चोवीस दिवस मोकळे मिळताहेत. बेत असा : मोरोक्कोत कॅसाब्लांकाला उतरायचं, बसनं दाखलापर्यंत (गावाचं नाव आहे, तहसीलचा दाखला नव्हे), तिथून गेरगेरातची सीमा ओलांडून पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियातलं नुआदिबू, मग राजधानी नुआकशोट. तिथून आत अतार आणि शिंगेत्ती. शेवटी दक्षिणेला सेनेगल नदीपलीकडे, सेनेगल देशातलं सां-लुई. एकटाच, स्वतःची गाडी नाही, मिळेल त्या शेअर टॅक्सीनं.

परराष्ट्र खात्यांचे प्रवास-सल्ल्याचे नकाशे पाहिले तर अर्धा देश लाल, म्हणजे ‘जाऊ नका’. व्हिडिओवाले म्हणतात एकदम सेफ, लोक लय चांगले. दोघंही खोटं बोलत नसतील, पण माझ्या कामाचं कोणीच बोलत नाही. ‘जा’ किंवा ‘जाऊ नको’ असं उत्तर नको. आज हा रस्ता धरावा की थांबावं, हे माणसं कशावरून ठरवतात ते हवंय. उन्हाचं विचारत नाही, मे महिना इथंच काढतो. फ्रेंच-अरबी शून्य. घरी आई आणि लहान भाऊ.

वडसा_लाईन · मंगळवार, रात्री 11:05

‘देश सेफ आहे का’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. कोणता रस्ता, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि या आठवड्यात, एवढं विचारलं तर उत्तर मिळतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला गडचिरोली म्हटलं की अख्खा जिल्हा एकाच रंगाचा दिसतो. वडसा वेगळं, आलापल्ली वेगळं आणि भामरागड त्याहून वेगळं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. मॉरिटानिया तर महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठा, दहा लाख चौरस किलोमीटरच्या वर, आणि वस्ती पन्नास लाखांच्या आसपास.

लाल रंग उगाच नाही. मालीच्या सीमेलगतचा पूर्व आणि आग्नेय भाग, आणि उत्तर-ईशान्येचं निर्मनुष्य वाळवंट यांच्या वाटेलाच जायचं नाही. मालीतल्या सशस्त्र गटांची लढाई त्या सीमेला येऊन भिडलेली आहे. नुआकशोटहून पूर्वेला नेम्यापर्यंत अकराशे किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, नकाशावर मोहात पाडतो. तो तुमच्या बेतात नाही, नसूच द्या.

तुमचा पश्चिमेचा पट्टा वेगळा, पण त्याचाही इतिहास कोरा नाही. 24 डिसेंबर 2007 ला अलेगजवळ चार फ्रेंच पर्यटकांना मारलं, आणि त्यावरून 2008 ची डकार रॅली (वाळवंटातली मोटार शर्यत) सुटायच्या आदल्या दिवशी रद्द झाली. नोव्हेंबर 2009 मध्ये तीन स्पॅनिश मदतकार्यकर्ते पळवले गेले, ते याच नुआदिबू-नुआकशोट रस्त्यावरून. पुढे सैन्यानं वाळवंटात फिरती पथकं ठेवली, रस्त्यांवर चौक्या वाढवल्या, आणि 2011 नंतर देशाच्या आत मोठा अतिरेकी हल्ला झालेला नाही. 2017 च्या अखेरीस फ्रान्सहून अतारला पर्यटकांची विमानं परत सुरू झाली. म्हणून नकाशाचा रंग पाहून घाबरू नका आणि हसूही नका. त्या रंगामागे काय झालं, कधी झालं आणि त्यानंतर काय बदललं, ते शोधा.

वाचायची रीत सांगतो. प्रवास-सल्ल्याची ब्रिटिश, फ्रेंच आणि कॅनडाचं अशी तीन सरकारी पानं शेजारी उघडा. आपल्या रस्त्याचं नाव ज्या परिच्छेदात आहे तेवढाच नीट वाचा. पानाच्या माथ्यावरच्या तारखेवर जाऊ नका. कित्येकदा व्हिसाची एक ओळ बदलली की तारीख बदलते, सुरक्षेचा मजकूर जुनाच असतो. काय बदललं ते खाली लिहिलेलं असतं. तिघांत मतभेद असेल तर फ्रेंच नकाशाला जास्त वजन द्या, तो प्रदेश त्यांना बारकाईनं ठाऊक आहे. आणि विम्याची पॉलिसी काढून त्यातली वगळणी वाचा. सरकारी मनाई असलेल्या भागात दावा फेटाळणाऱ्या पॉलिसी असतात. अतारच्या दवाखान्यातून नुआकशोटला न्यायची वेळ आली की हे कलम आठवून उपयोग नाही.

काळीपिवळी_समोरची_सीट · बुधवार, सकाळी 6:20

भाऊ, बंदुकवाल्याची भीती नंतर, आंधी गाडीची भीती बाळगजा. तिकडं बाहेरच्या माणसाले जास्त धोका रस्त्याचाच.

शेअर टॅक्सीच्या स्टँडले तिकडं ‘गराज’ म्हणते. आपल्या काळी-पिवळीसारखंच, भरल्याबिगर हालत नाई. जुन्या मर्सिडीजमंधी समोर दोन अन् मागं चार कोंबते. समोरच्या दोन्ही सीटचे पैसे एकट्यानं देऊन टाकजा, लय महाग नाई पडत. बसाच्या आंधी गाडीभोवती एक चक्कर मारजा. टायरच्या कडेला तार निंगून रायली का? स्टेपनी हाय का, अन् तिच्यात हवा हाय का? लाथ मारून पाहा, आवाज कळते. जॅक, पान्हा, पाण्याची कॅन. ड्रायव्हरचे डोळे पाहा. रातभर चालवून आला असन तं लाल असते. हे सारं दोन मिनटांचं काम हाय, अन् कोणी रागावत नाई.

मंग वेळेचा हिशोब. नुआदिबू ते नुआकशोट 470 किलोमीटर, चौक्या धरून सहा ते आठ घंटे. जानेवारीत दिवस पावणेसातच्या सुमारास बुडते. म्हणजे गाडी दहाच्या आत सुटली पायजे. अकरानंतर भरणारी गाडी सोडून द्याची, पैसे बुडाले तं बुडाले. अंधारात उंट आडवा येते. आपल्याकडं रोही (नीलगाय) आडवी येते तं बंपर जाते. उंटाचे पाय लंबे, गाडी पाय तोडते अन् धड काचीतून आत येते. त्यावर बिनलाइटचे ट्रक, अन् वाऱ्यानं डांबरावर आलेली वाळू. वाळूचा ढीग दिवसा दिसते, राती नाई.

ड्रायव्हर हाणून रायला असन तं ओरडू नका. पोट बिघडलं असा हात करजा, थांबते. उतरून शांतपणे हळू चालव म्हणजा. नाईच ऐकलं तं पुढच्या चौकीवर उतरून दुसरी गाडी पाहा लागते. चौकीवर उतरजा, मधात नाई.

नेर_पाणलोट · बुधवार, दुपारी 1:15

‘मे महिना इथंच काढतो’ या वाक्याला हरकत आहे. वऱ्हाडातला माणूस 46 अंश सोसतो ते वेळापत्रकामुळे. पहाटे शेतात, अकराला घरात, बारा ते चार बाहेर पडायचंच नाही, डोक्याला दुपट्टा, दाराशी माठ, खिडकीत कूलर. हे काढून घेतलं की आपलं शरीर इतरांसारखंच आहे. आणि इथं कोणत्याही रस्त्यावर गाडी बंद पडली तरी तासाभरात हातपंप किंवा पानठेला सापडतो. तिथं पुढचं पाणी शंभर किलोमीटरवर असू शकतं, आणि झाड नाही.

जानेवारीत अतारला दुपारी पंचवीस-तीस अंशच असतील, रात्री बारा-तेराला उतरेल, स्वेटर लागेल. तेव्हा ऊन हा तुमचा मुख्य शत्रू नाही, कोरडा वारा आहे. कूलर ज्या कारणानं गार हवा देतो त्याच कारणानं तिथं घाम अंगावर दिसत नाही. सुटतो आणि उडून जातो. माणसाला वाटतं घामच आला नाही, मग पाणी कशाला. म्हणून तहानेवर भरवसा ठेवू नका, लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळी ठीक. गडद झाली, किंवा सहा तास लागलीच नाही, तर त्या दिवसाचा प्रवास तिथंच थांबवायचा.

जानेवारीत दिवसाला चार ते पाच लिटर धरा. एप्रिलनंतर चालायचं असेल तर दहाही कमी पडतात. नुसतं पाणी ढोसू नका, अंगातलं मीठ उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस चुकीचे निर्णय घेतो. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या, मोठं पाकीट एका लिटरला एक. संपली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

डांबर सोडून आत जायचं असेल, म्हणजे शिंगेत्तीच्या पुढे वाळूत, तर नियम बदलतात. तिथं एकट्यानं जायचंच नाही. स्थानिक वाटाड्या घ्या आणि गाड्या दोन घ्या. एक रुतली तर दुसरी ओढते. माणशी तीन दिवसांचं जादा पाणी, तेही एका कॅनमध्ये नाही, तीन-चारांत वाटून. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबायचं. शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. चाललेला माणूस तासाला लिटरभर पाणी सहज गमावतो, आणि लोक मरतात ते बहुधा मदत आणायला म्हणून पायी निघाल्यावर.

हरमटान नावाचा धुळीचा वारा त्याच महिन्यांत असतो. दिवसा समोरचा विजेचा खांब दिसेनासा झाला तर गराजवर जाऊच नका. एक दिवस झोपा. पिवळ्या तापाचं पुढे कोणी लिहिलं नाही तर मी लिहीन.

आर्णीकर_पायपीट · बुधवार, रात्री 8:30

उन्हाचं पटलं, ते वाक्य मागे घेतो. तीन प्रश्न राहिले. एक, सीमेवर सुरुंग आहेत म्हणतात ते खरं का. दोन, उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र घ्यावं का, घरच्यांसाठी. तीन, लोहखनिजाच्या मालगाडीवर बसून जायचा मोह होतोय.

वडसा_लाईन · बुधवार, रात्री 9:50

सुरुंग खरे. दोन देशांच्या चौक्यांमध्ये चारेक किलोमीटरची कुणाचीच नसलेली पट्टी आहे. पूर्वी तिथं नुसत्या वाळूतल्या चाकोऱ्या आणि मोडक्या गाड्यांचे सांगाडे होते, आता डांबर आहे. पण डांबराच्या बाजूची जमीन साफ झाली असं समजू नका. लघवीलाही रस्ता सोडायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच. पायी न जाता चौकीवरच एखाद्या गाडीत जागा मागा. नुआदिबूच्या द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूलाही भटकू नका, कारण तेच.

ही सीमा राजकारणानं बंद होते, तीही अचानक. 21 ऑक्टोबर 2020 ला रस्ता अडवला गेला तो 13 नोव्हेंबरला मोरोक्कोच्या सैन्यानं मोकळा केला; तीन आठवडे ट्रक जागेवर उभे. यातून एक खूण घ्या : मोरोक्कोहून दक्षिणेला भाजीपाला नेणारे ट्रक हा त्या रस्त्याचा ताप मोजायचा थर्मामीटर. दाखल्यातच पाहा, ट्रक जाताहेत की धाब्यावर रांग लावून उभे आहेत. ट्रकवाल्याचा माल सडतो, तो उगाच थांबत नाही.

परतीचं दार मोकळं ठेवा. मोरोक्कोचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल आणि नुआदिबूत गेल्यावर पुढचा रस्ता नको वाटला, तर मागं फिरता येत नाही. भारतीय पासपोर्टवर हे मोठं संकट आहे, कारण पुढच्या देशाचा व्हिसाही वाटेत सहजी मिळत नाही. दुहेरी प्रवेश मागा, किंवा नुआकशोटहून विमानाच्या तिकिटाचे पैसे युरोच्या नोटांत वेगळे बांधून ठेवा. ‘आता इथून निघू’ असं वाटूनही निघता न येणं, यात माणूस चुकीची गाडी धरतो. मॉरिटानियाचा व्हिसा पूर्वी सीमेवर मिळायचा. 2025 च्या सुरुवातीपासून आधी ऑनलाइन मंजुरी लागते, तिची छापील प्रत जवळ ठेवा.

दक्षिणेला रोसोची फेरी टाळून दियामाच्या धरणावरून जा. रोसोत दलालांचा गराडा पडतो, पासपोर्ट हातातून ओढतात. पासपोर्ट गणवेशवाल्याच्याच हातात द्यायचा, तोही खिडकीच्या पलीकडे बसलेल्या.

खनिजाच्या गाडीचं एका ओळीत : रात्री कडाक्याची थंडी, डोळ्या-फुप्फुसांत लोखंडाची धूळ, दोन किलोमीटरहून लांब गाडीला बसणारे धक्के, आणि पडलात तर कोणाला कळणार नाही. नको.

मोर्शीची_ताई · गुरुवार, सकाळी 10:10

यंत्राचं मी सांगते, कारण यात लोक अडकतात. उपग्रह फोन आणि उपग्रहावरून निरोप देणारी ती छोटी यंत्रं भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. विमानतळावर सामानात सापडलं म्हणून परदेशी पर्यटकांनाही ताब्यात घेतलेलं आहे. गार्मिनचं असो की थुरायाचं, नागपूरहून नेऊ नका आणि परत येताना आणू नका. हवंच असेल तर बाहेर भाड्यानं घ्या, बाहेरच परत करा. आयफोनमधली उपग्रहाची सोय मोजक्याच देशांत चालते, मॉरिटानिया त्यात धरू नका.

तुमचा रस्ता गावागावातून जातो, त्यामुळे स्थानिक सिम आणि घरी बसलेला एक शहाणा माणूस एवढ्यावर भागतं. पण त्या माणसाला काय करायचं ते आधी लिहून द्या. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथले संध्याकाळचे 5 म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, आई जागी असेल अशी वेळ. रोज त्याच वेळी एक मेसेज. गाडीत बसायच्या आधी वेगळा मेसेज : नंबरप्लेटचा फोटो, कुठून कुठे, पोचायची वेळ, ज्या लॉजवर उतरणार त्याचा फोन. हे पाठवताना ड्रायव्हरला दिसू द्या, वाईट मानत नाहीत.

आता भावानं काय करायचं. ठरलेल्या वेळेनंतर सहा तास काहीच नाही : काही करायचं नाही, फक्त नोंद. बारा तास : लॉजवर फोन. चोवीस तास : नुआकशोटच्या भारतीय दूतावासाला फोन आणि परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार. हे आकडे कागदावर, भिंतीवर चिकटवून. नाहीतर नेटवर्क गेलं म्हणून दोन तासांत घरात रडारड सुरू होते, आणि खरंच काही झालं तेव्हा सगळे म्हणतात ‘नेटवर्क नसेल’. भावाचा फोन आपल्याकडेच बंद पडू शकतो, म्हणून दुसरं नाव लागतं, दुसऱ्या गावचं.

आणखी एक. आईला देश नकाशात दाखवून ठेवा. टीव्हीवर मालीची बातमी आली की तिला तो शेजार नाही, तुमचाच मुक्काम वाटेल.

नेर_पाणलोट · गुरुवार, दुपारी 2:40

पिवळ्या तापाचं. मॉरिटानिया आणि सेनेगल दोन्ही आपल्या सरकारच्या यादीत आहेत. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर विमानतळाजवळ सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच, आणि दहा दिवसांनी लागू धरतात, म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीलाच उरकून घ्या. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगा. सेनेगल नदीकाठी मलेरियाही आहे, त्याच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा.

वडसा_लाईन · गुरुवार, रात्री 9:15

मूळ प्रश्नाचा एक तुकडा राहिला : विचारायचं कोणाला आणि काय.

‘सेफ?’ असं विचारलं की जगात सगळीकडे ‘हो हो’ हेच उत्तर येतं, पाहुण्याला कोण घाबरवणार. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता सुरू आहे का हे आपण चौकात उभ्या असलेल्याला विचारत नाही. पर्लकोटा नदीवरून आज आलेल्याला विचारतो. तसंच करा. तिकडून आज कोणी आलं का? किती वाजता निघालं? वाटेत किती चौक्या लागल्या? सकाळपासून किती गाड्या गेल्या? या सगळ्यांची उत्तरं आकड्यांत येतात, आणि आकडे कागदावर लिहून दाखवता येतात, भाषा लागत नाही. विचारा तीन जणांना, ज्यांचा स्वार्थ वेगवेगळा आहे : ड्रायव्हर, त्याला भाडं हवंय; लॉजवाला, त्याला तुम्ही राहायला हवे आहात; आणि चौकीवरचा जॉंदार्म (तिथला पोलीस), त्याला भानगड नको आहे. तिघांचं जुळलं तर निघा. जॉंदार्म थांब म्हणाला तर बाकी दोघांचं ऐकू नका.

न विचारता दिसणाऱ्या खुणाही आहेत. कालपेक्षा गाड्या कमी, भाडं एकदम चढलेलं, बायका-मुलं असलेली कुटुंबं गराजवर दिसत नाहीत. यातल्या दोन एकदम दिसल्या की तो दिवस मुक्कामाचा.

भाड्यावरून एक गोंधळ होतो तो सांगून ठेवतो. 1 जानेवारी 2018 ला तिथल्या उगिया या चलनातलं एक शून्य काढलं, पण बरेच लोक अजून जुन्यातच बोलतात. 5000 म्हणाला तर नोटेत 500. हे ठाऊक नसलं की भाडं दहापट चढलं असं वाटून माणूस उगाच घाबरतो, किंवा दहापट देऊन मोकळा होतो. आकडा लिहून घ्या आणि नोट दाखवून विचारा. एटीएमवर भरवसा नको. युरो तीन जागी वाटून.

आर्णीकर_पायपीट · गुरुवार, रात्री 10:30

चौकीवर द्यायच्या पर्चीचा, ते ‘फिश’ म्हणतात त्याचा, मसुदा केला. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, राष्ट्रीयत्व, व्यवसाय, पासपोर्ट नंबर, दिल्याची आणि संपायची तारीख, व्हिसा नंबर, कुठून, कुठे. व्यवसायात ‘कल्टिव्हातर’ म्हणजे शेतकरी लिहिलंय. तीस प्रती काढू?

काळीपिवळी_समोरची_सीट · गुरुवार, रात्री 10:55

तीस बरोबर. नाव पासपोर्टमंधी जसं हाय तसंच लिवजा, बापाचं नाव मधात असन तं मधातच, नाईतं चौकीवाला दोन कागद घेऊन जुळवत बसते. व्हिसाचा नंबर सीमेवर शिक्का बसल्यावरच कळते, म्हणून तो रकाना, ‘कुठून’ अन् ‘कुठे’ कोरे सोडजा. आर्णीहून दहाच प्रती नेजा. बाकीच्या नुआदिबूत, व्हिसाचा नंबर भरून झाल्यावर, झेरॉक्स मारजा. अन् पेन दोन ठेवजा. एक चौकीवरच राहाते.